चेहरा दिसेल अशी काच

लॉर्ना: तीनशे डॉलरात बंदुकीवर बसवायचा लांब पल्ल्याचा स्कोप! वेन्डल प्रूइट, तीनशेत तुला बाटलीचं बूड मिळेल, नळीत बसवलेलं. बस त्या स्टुलावर. आणि बूट पूस आधी, आत्ताच फरशी पुसली आहे मी.

वेन्डल: बसायला आलो नाही. काय आहे ते दाखव.

लॉर्ना: घाई कसली? आज बर्फ नाही, काउंटीचा तो तुझा बर्फ ढकलायचा नांगर शेडमध्ये उभा आहे, येताना बघितला मी. बंदूक कुणाची ही?

वेन्डल: लेस्टरची. त्याच्या सामानाचा लिलाव झाला ना, तिथे घेतली. नुसतीच होती. स्कोप त्याच्या पोराने ठेवून घेतला.

लॉर्ना: लेस्टरची ती जड नळीची? अरे, शाळेपासून ओळखते मी तुला. जन्मभर बापाची छोटी बंदूक घेऊन झाडीत हिंडलास. शंभर यार्डांपुढे गोळी टाकली नाहीस कधी. पंचावन्नाव्या वर्षी हे काय डोहाळे?

वेन्डल: शिकेन.

लॉर्ना: शीक की. मी कशाला नको म्हणू, माझं दुकानच त्याचं आहे. मारायचं काय? एल्क हरणांचा हंगाम संपला.

वेन्डल: कायोटी.

लॉर्ना: बरं. कोल्ह्याएवढं जनावर, नेम लहान. हे बघ, नव्या माणसाला मी एकच सांगते. मोठं दाखवतो म्हणून स्कोप घ्यायचा नाही. पोरं येतात, पंचवीस पट दाखवणारा घेऊन जातात, आणि मग त्यात स्वतःच्याच छातीची धडधड बघत बसतात. आधी घुंडी बघायची. ही फिरव. टकटक लागते हाताला?

वेन्डल: लागते.

लॉर्ना: आता जितकी वर नेलीस तितकीच खाली आण. निशाण होतं तिथे परत आलं पाहिजे, दर वेळी, न चुकता. स्वस्तातला माल इथेच मार खातो. हा जरा बरा आहे. याच्या आतल्या रेघाही सुटसुटीत आहेत, गणित फार करावं लागत नाही. दहा पट दाखवतो. कायोटीला पुष्कळ झालं.

वेन्डल: दहा नको. मोठा दे.

लॉर्ना: आत्ता काय सांगितलं मी? दहा पटीत सहाशे यार्डांवरचा कायोटी छान दिसतो.

वेन्डल: दिसतो. काय करतोय ते दिसत नाही.

लॉर्ना: कायोटी काय करणार? कायोटी करतो तेच.

वेन्डल: आणखी एक. समोरून उजेड आला की काच पांढरी होते. सगळं धुऊन निघाल्यासारखं. तसली नको.

लॉर्ना: आत्ता कशातून बघतोस?

वेन्डल: बापाची दुर्बीण आहे. जुनी.

लॉर्ना: काचेवरच्या लेपावर असतं ते. जुन्या दुर्बिणींना लेप नावालाच. हा घे, याचा लेप चांगला आहे. चारशेच्या वर जाईल, पण तुझ्यासाठी बघेन काय ते. दारातून बाहेर बघ, त्या पेट्रोलपंपाच्या पाटीवर धर. आता सांग, उजेड समोरून कधी येतो तुझ्या?

वेन्डल: संध्याकाळी. सूर्य खाली आला की.

लॉर्ना: शेतात हिंडताना?

वेन्डल: पोर्चवरून.

लॉर्ना: म्हणजे पोर्चवर बसून पश्चिमेला बघतोस.

वेन्डल: हं.

लॉर्ना: रोज?

वेन्डल: नांगरावर नसलो की.

लॉर्ना: अंतर किती धरायचं? साधारण सांग. स्कोपखाली किती तिरकी पट्टी बसवायची, ते त्यावर ठरेल.

वेन्डल: सहाशे चाळीस.

लॉर्ना: साधारण म्हटलं मी.

वेन्डल: मोजलंय.

लॉर्ना: कायोटी मोजू देतो होय? थांब म्हणालास आणि थांबला?

वेन्डल: रोज तिथेच येतो.

लॉर्ना: आणि नेतो काय तुझं?

वेन्डल: कोंबड्या.

लॉर्ना: कोंबड्या तुझ्या मार्जीनने सप्टेंबरातच माझ्या बहिणीला देऊन टाकल्या. खुराड्यासकट. मीच गाडी घेऊन आले होते.

वेन्डल: किंमत सांग, लॉर्ना.

लॉर्ना: तुझ्या पोर्चवरून पश्चिमेला आधी तुझं कुरण. मग उतार. मग नदी. आणि नदीपलीकडे सहाशे चाळीसवर काय आहे ते मला सांगायला नको. एडिथ होल्म गेली तेव्हा मी त्या ट्रेलरच्या घरात जेवणाचं पातेलं पोचवलं होतं.

वेन्डल: किंमत विचारली मी.

लॉर्ना: थांब, दाराची पाटी उलटी करते. आता कुणी यायला नको आत.

वेन्डल: उघडं ठेव. मी निघालो. दुसरीकडे घेईन.

लॉर्ना: बंदूक तिथेच राहू दे, काउंटरवर. वेन्डल, हात काढ. काढ म्हणते ना. बंदुकीचा बोल्ट काढून दे इकडे, त्याशिवाय ती उडत नाही.

वेन्डल: तू पोलीस आहेस?

लॉर्ना: दुकानदार आहे. दुकानदाराला नाही म्हणता येतं. आणि ज्या मुलीला, रेनीला, मी स्वतः नेम धरायला शिकवला, तिच्या बापाला तर नक्की म्हणता येतं. दे. हं. बंदूक आणि बोल्ट, दोन्ही तिजोरीत गेली. आता बस त्या स्टुलावर. एडिथच्या पोराला, कर्टिस होल्मला मारायचंय तुला?

वेन्डल: माहीत नाही.

लॉर्ना: माहीत नाही काय? बंदूक घेतलीस, अंतर मोजलंस.

वेन्डल: खरंच माहीत नाही. तुरुंगातून सुटून आला, ते आम्हाला कळवायचीही कुणाला गरज वाटली नाही. एका संध्याकाळी मार्जीन म्हणाली, एडिथच्या ट्रेलरमध्ये दिवा लागलाय. मी म्हटलं, उंदीर असतील. उंदीर दिवा लावतात का, म्हणाली. तेव्हा दुर्बीण काढली.

लॉर्ना: आणि तेव्हापासून बघतोयस.

वेन्डल: काउंटीचा रस्ता त्याच्या दारापर्यंत जातो. बर्फ पडला की पहाटे मी नांगर घेऊन निघतो. आधी ते वळण येतं, रेनी जिथे टायर बदलत होती आणि त्याने पिऊन तिच्यावर गाडी घातली, ते. तिथला बर्फ ढकलायचा. मग पूल. मग त्याच्या दारासमोरचा. मी त्याच्यासाठी रस्ता मोकळा करतो, लॉर्ना. त्याला दारूच्या दुकानात नीट जाता यावं म्हणून.

लॉर्ना: साहेबाला सांगून तो भाग दुसऱ्या कुणाला द्यायचा.

वेन्डल: कुणाला सांगू? आणि काय म्हणून सांगू?

लॉर्ना: मार्जीनला ठाऊक आहे हे बंदुकीचं?

वेन्डल: मार्जीन बिलिंग्जला आहे. बहिणीकडे.

लॉर्ना: नाताळची खरेदी करायला गेली, असं ऐकलं मी.

वेन्डल: मीच सांगितलं तसं सगळ्यांना. कपाटच रिकामं करून गेली. म्हणाली, तू त्या खुर्चीत पाठ करून बसतोस ना, तेव्हा मला वाटतं मी दोन माणसं पुरली.

लॉर्ना: अरे देवा. मला एक फोन करायचास.

वेन्डल: करून काय बोलू?

लॉर्ना: आत्ता बोलतोयस तेच. मला एवढं सांग, बघतोस तरी काय रोज?

वेन्डल: तो पायरीवर येऊन बसतो. सूर्य बुडेपर्यंत. हलत नाही, काही नाही. बापाच्या दुर्बिणीत नुसता डाग दिसतो. काळा. त्यात ऊन समोरून. रडतो की हसतो, फोनवर बोलतो की डुलक्या काढतो, कळत नाही. कोर्टातसुद्धा मान खाली घालून बसला होता, मला पाठच दिसली. रेनी गेली तेव्हापासून मी त्याचा चेहरा बघितलेला नाही. म्हटलं, एकदा बघू. हसत असेल तर मग...

लॉर्ना: मग गोळी.

वेन्डल: हं.

लॉर्ना: आणि रडत असेल तर?

वेन्डल: तिथवर विचार केला नाही.

लॉर्ना: चेहराच बघायचा तर तिवईवरची दुर्बीण घ्यायचीस, तशीही देते मी. बंदूक कशाला?

वेन्डल: बंदूक नसली तर मी कोण झालो? लोकांच्या अंगणात डोकावणारा म्हातारा.

लॉर्ना: ऐक. या दुकानात अशी काच नाही. बाराशेची घेतलीस तरी सहाशे चाळीसवरून त्याची दाढी दिसेल, टोपीचा रंग दिसेल. रडण्या-हसण्याचं मी तरी लिहून देणार नाही. कोट घाल.

वेन्डल: कशाला?

लॉर्ना: चेहरा बघायचाय ना? माझी गाडी बाहेर उभी आहे. ऊन अजून आहे, तो पायरीवर असेल.

वेन्डल: वेड लागलं का तुला?

लॉर्ना: मला नाही लागलं. मी तुला घरी पाठवलं तर तू उद्या दुसरीकडून बंदूक आणशील. आणि शेरीफला सांगितलं तर तो येऊन तुझ्याशी चार शब्द बोलेल, कॉफी पिईल आणि जाईल. खिसे उलटे कर. कोटाचेही. तो चाकू काढ.

वेन्डल: तो दोर कापायचा आहे.

लॉर्ना: असू दे. इथे ठेव. आणि गाडीत बसल्यावर माझ्याशी एक शब्द बोलायचा नाहीस, नाहीतर माझाच धीर सुटायचा.

(पुलापलीकडे, नदीकाठी. एडिथ होल्मच्या ट्रेलरच्या पायरीवर कर्टिस होल्म एकटाच बसला आहे. लॉर्नाची गाडी अंगणात थांबते.)

लॉर्ना: उठू नकोस, कर्टिस. बसून राहा. ओळखलंस ना मला?

कर्टिस: हो, मिसेस ऑस्टगार्ड. आईला जेवण आणून दिलं होतंत तुम्ही. तिने फोनवर सांगितलं होतं... म्हणजे, शेजारणीने सांगितलं. आई तेव्हा गेलेली, मी आत होतो.

लॉर्ना: याला ओळखतोस.

कर्टिस: हो. मिस्टर प्रूइट, तुम्ही... तुम्ही इकडून याल असं वाटलं नव्हतं.

वेन्डल: इकडून म्हणजे?

कर्टिस: पुलावरून. दारात.

वेन्डल: मग कुठून येणार होतो?

कर्टिस: तिकडून. तुमच्या पोर्चवरून. ऊन खाली आलं की तिथे काहीतरी चमकतं. आधी वाटलं, खिडकीची काच असेल. पण काच एका जागी राहते. हे इकडेतिकडे हलायचं. मग माझ्यावर येऊन थांबायचं.

वेन्डल: तुला माहीत होतं.

कर्टिस: पहिल्या आठवड्यातच कळलं.

लॉर्ना: आणि तरी इथे येऊन बसायचास? पोरा, दाराला पडदा लावायचा, मागच्या बाजूला बसायचं!

कर्टिस: म्हणूनच बसायचो.

लॉर्ना: म्हणूनच म्हणजे?

कर्टिस: दारू सोडली मी. आत असतानाच. तिथे सोडणं सोपं असतं, मिळतच नाही. बाहेर आल्यावरही नाही घेतली. वाटलं होतं, सोडली की जरा... पण उलटंच झालं. आता सगळं नीट आठवतं. मला स्वतःला काही करता येत नाही, मिसेस ऑस्टगार्ड. करून बघितलं. हात चालत नाही. मग ते चमकायला लागलं तेव्हा म्हटलं, बरं झालं. यांचा हक्कही आहे. आपण फक्त हलायचं नाही.

वेन्डल: टोपी काढ.

कर्टिस: काय?

वेन्डल: टोपी काढ. वर बघ. माझ्याकडे.

लॉर्ना: वेन्डल, लांबून बोल.

वेन्डल: बघू दे मला. तू केवढा आहेस रे? सत्तावीस?

कर्टिस: अठ्ठावीस.

वेन्डल: चाळीसचा दिसतोस. ...म्हणजे मी तिकडे बसून तुझ्यावर नेम धरायला शिकत होतो आणि तू इथे बसून माझी वाट बघत होतास.

कर्टिस: हो.

वेन्डल: तुझ्या हातून होत नाही म्हणून माझ्या हातून करवून घेणार होतास.

कर्टिस: मी तसा विचार...

वेन्डल: मग कसा केलास? गोळी मी घालणार. तू सुटणार. आणि तुझ्या त्याच कोठडीत मी जाऊन बसणार. मार्जीन दर रविवारी डबा घेऊन येणार, काचेपलीकडून माझ्याशी फोनवर बोलणार. रेनी नेलीस ती नेलीस. राहिलो होतो तेवढे दोघंही नेणार होतास!

लॉर्ना: वेन्डल! मागे हो. कॉलर सोड त्याची. सोड!

कर्टिस: असू दे, मिसेस ऑस्टगार्ड.

लॉर्ना: तू गप्प बस. असू दे म्हणे! दोघंही ऐका माझं. वेन्डल, तिकडे गाडीला टेकून उभा राहा. हात खिशात घाल. कर्टिस, श्वास घे. लागलं कुठे?

कर्टिस: नाही.

वेन्डल: मी त्याला काही करत नाही. आता तर मुळीच नाही. त्याला हवं ते मी का देऊ?

लॉर्ना: ठीक आहे, जे काही कारण असेल ते. कर्टिस, आत चूल पेटवलेली आहे का? काही खाल्लंस आज?

कर्टिस: सकाळी बिस्किटं होती.

लॉर्ना: मी थांबते इथे. माझी भावजय दवाखान्यात नर्स आहे, तिला फोन करून बोलावून घेते. ती आली की आपण तिघं बोलू, तुझ्या त्या हात न चालण्याबद्दल. आज रात्री तू एकटा राहणार नाहीस. आणि उद्यापासून या पायरीवर बसायचं नाही.

कर्टिस: तुम्ही कशाला माझ्यासाठी...

लॉर्ना: तुझ्यासाठी नाही. तुझ्या आईने मला पंधरा वर्षं कपडे शिवून दिले, कधी चुकीचं माप घेतलं नाही. वेन्डल, ही किल्ली. माझी गाडी घेऊन जा, दुकानासमोर लाव. तुझी तिथेच आहे. बंदूक राहू दे आत.

वेन्डल: ठेव तुझ्याकडे. विकून टाक कुणाला तरी.

लॉर्ना: बघू. जा आता. पुलावर बर्फ धरलाय, सावकाश.

वेन्डल: कर्टिस.

कर्टिस: हो, मिस्टर प्रूइट.

वेन्डल: कोर्टात तू म्हणालास, काही आठवत नाही.

कर्टिस: वकिलाने सांगितलं होतं तसं म्हणायला.

वेन्डल: आता म्हणालास, सगळं नीट आठवतं.

लॉर्ना: वेन्डल, आज नको. आज एवढं पुरे.

वेन्डल: डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेली. मार्जीनला तेवढ्याच एका गोष्टीवर झोप लागते. मला कधी पटलं नाही. खरं आहे का ते?

कर्टिस: ...नाही.

लॉर्ना: अरे देवा.

वेन्डल: शुद्धीत होती?

कर्टिस: हो. थोडा वेळ. मी गाडीतून उतरून तिच्यापाशी बसलो. फोन केला. माझा कोट घातला तिच्या अंगावर. दारूचा वास येत होता त्याला, तिने तोंड फिरवलं.

वेन्डल: बोलली काही?

कर्टिस: मिस्टर प्रूइट...

वेन्डल: बोलली का?

कर्टिस: हो.

वेन्डल: काय?

कर्टिस: म्हणाली, बाबांना सांगू नका इतक्यात. टायर बदल, टायर बदल म्हणून महिनाभर मागे लागले होते. आता म्हणतील, मी सांगितलं नव्हतं का.



लॉर्ना: वेन्डल, खाली बस. बस इथे, पायरीवर. जागा दे रे त्याला.

वेन्डल: घाबरली होती का?

कर्टिस: नाही. म्हणजे, शेवटी थंडी वाजते म्हणाली. पण घाबरलेली नव्हती. वैतागली होती.

वेन्डल: तुझ्यावर?

कर्टिस: नाही. टायरवर.

वेन्डल: हो. मी म्हणालोच असतो तसं.